आधी ओळख, मग कबुली: ऑथोरायझेशन सर्व्हरमध्ये लॉगिन आणि संमती कशी हाताळायची

रजिस्ट्रीला कधी गेला असाल तर हे पाहिलं असेल. दुय्यम निबंधकांच्या टेबलासमोर दोन कामं वेगवेगळी होतात. आधी ओळखदार सांगतात, हा माणूस अमक्या गावचा अमका, आम्ही याला ओळखतो. मग साहेब त्या माणसाला विचारतात, हा दस्त तुम्हीच लिहून दिला का, वाचला का, कबूल आहे का? नुसती ओळख पटली म्हणून कोणाचं वावर विकलं जात नाही. आणि कबुली कितीही खणखणीत दिली तरी ओळखीशिवाय तिला किंमत नाही.

ऑथोरायझेशन सर्व्हर म्हणजे माणसाची ओळख पटवून, त्याची माहिती कोणत्या ॲपला द्यायची ती परवानगी सांभाळणारा सर्व्हर. त्यात लॉगिन म्हणजे ओळख आणि कन्सेंट, म्हणजे संमती, ही कबुली. दोन्ही एकाच ब्राउझरमध्ये, दहा-पंधरा सेकंदांच्या अंतरानं घडतात, म्हणून नवा प्रोग्रामर ती एकच समजतो आणि एकाच पानात, एकाच बटनाखाली कोंबतो. मीही सुरुवातीला तेच केलं होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी हे काम करतो. आमची स्वतःची तीन ॲप आहेत: सभासद नोंदणी, सोयाबीन-तुरीच्या खरेदीची नोंदणी आणि माती परीक्षणाचे अहवाल. शिवाय कीड-सल्ला देणाऱ्या एका बाहेरच्या ॲपला आमच्या सभासदांची थोडी माहिती लागते. सभासदानं एकाच ठिकाणी लॉगिन करावं आणि बाहेरच्या ॲपला काय द्यायचं ते त्यानंच ठरवावं, एवढी साधी गरज. ती नीट पुरी करायला काय काय करावं लागलं, ते पायरीपायरीनं लिहितो.

हत्यार म्हणून आम्ही ओरी हायड्रा घेतला. गो भाषेत लिहिलेला हा मुक्तस्रोत सर्व्हर ओऑथ २.० (ॲपला परवानगी देण्याची प्रमाण पद्धत) आणि ओपनआयडी कनेक्ट (तिच्यावरच बसवलेली ओळख पटवण्याची पद्धत) सांभाळतो, पण वापरकर्ते स्वतःकडे ठेवत नाही. लॉगिनचं आणि संमतीचं पान तुम्हीच लिहायचं. कीक्लोकसारख्या सर्व्हरमध्ये ही पानं तयार मिळतात, तिथे खालच्या बऱ्याच गोष्टी सेटिंगमध्ये सापडतील. आम्हाला पानं मराठीत आणि आमच्या माणसांच्या सवयीनं हवी होती, म्हणून हायड्रा. सर्व्हर कोणताही असो, विचार तोच राहतो. ओऑथ २.० चा मूळ दस्तऐवज आरएफसी ६७४९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती सांगणारे क्रमांकित दस्तऐवज) हा २०१२ चा, ओपनआयडी कनेक्ट २०१४ चं आणि सुरक्षेच्या आजच्या चांगल्या पद्धती सांगणारा आरएफसी ९७०० जानेवारी २०२५ चा. तिन्ही वाचा. तिसरा तर आधी वाचा.

पायरी १: लॉगिनचं पान दाखवण्याआधीची तपासणी

कीड-सल्ला ॲप सभासदाच्या ब्राउझरला आपल्या सर्व्हरकडे पाठवतं. असं माहिती मागणारं ॲप म्हणजे क्लायंट. सोबत क्लायंट आयडी, परतीचा पत्ता म्हणजे रिडायरेक्ट यूआरआय, मागितलेले स्कोप (कोणकोणती माहिती हवी त्याची नावं), स्टेट (उत्तर याच विनंतीचं आहे हे ओळखायची खूण) आणि पीकेसीईचा कोड चॅलेंज (मंजुरीनंतर मिळणारा कोड चोरला तरी दुसऱ्याला वापरता येऊ नये म्हणूनची खूण) असतो.

परतीचा पत्ता नोंदवलेल्या पत्त्याशी अक्षरशः जुळला पाहिजे. 'याच डोमेनचा आहे ना, मग चालेल' असली ढिलाई ठेवली, की मंजुरीनंतर त्या पत्त्यावर जाणारा कोड भलत्याच्या हातात गेलाच म्हणून समजा. पत्ता किंवा क्लायंट आयडी चुकीचा असेल तर ब्राउझरला त्या पत्त्यावर परत पाठवू नका, आपल्याच पानावर चूक दाखवा. बाकी चुका, म्हणजे नसलेला स्कोप किंवा चुकीचा प्रतिसाद-प्रकार, क्लायंटला परत कळवायच्या. हा फरक आरएफसी ६७४९ मध्येच आहे.

पीकेसीई सगळ्या क्लायंटना सक्तीचं करा, स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या आणि गुपित सांभाळू शकणाऱ्या बॅकएंड ॲपलाही. मोबाइल ॲप असेल तर लॉगिन ॲपच्या पोटातल्या वेबव्ह्यूमध्ये उघडू देऊ नका, फोनच्या ब्राउझरमध्ये किंवा कस्टम टॅबमध्ये उघडा. वेबव्ह्यूमध्ये ते ॲप टाइप होणारं प्रत्येक अक्षर वाचू शकतं, आणि वर पत्त्याची पट्टी नसल्यानं माणसाला आपण कोणाच्या दारात उभे आहोत हेही दिसत नाही.

पायरी २: चिठ्ठी घ्या, पण चौकशी मागच्या दारानं करा

तपासणी झाली की सर्व्हर ब्राउझरला तुमच्या लॉगिन ॲपकडे, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या लॉगिनच्या पानाकडे पाठवतो आणि सोबत एक लॉगिन चॅलेंज देतो. बाजार समितीच्या काट्यावर मिळणाऱ्या टोकनासारखाच हा प्रकार. टोकनावर मालाचा भाव नसतो, नुसता नंबर असतो, आणि भाव आतल्या वहीत असतो. इथेही चॅलेंज हातात आला की लॉगिन ॲपच्या बॅकएंडनं सर्व्हरच्या ॲडमिन एपीआयला (फक्त आतल्या प्रोग्रामसाठी ठेवलेल्या दाराला) विचारायचं: या चॅलेंजमागे कोणता क्लायंट आहे, काय मागतोय, कोणती भाषा हवी म्हणतोय, हा माणूस आधीच लॉगिन आहे का?

ब्राउझरनं आणलेल्या माहितीवर विश्वास ठेवायचा नाही, हा या कामातला पहिला नियम. क्लायंटचं नाव पत्त्यातून उचलून पानावर छापलं, तर उद्या कोणीही तिथे 'जिल्हा कृषी कार्यालय' लिहून लिंक पाठवेल. नाव, लोगो, स्कोप, सगळं ॲडमिन एपीआयकडूनच घ्या.

हायड्रामध्ये बाहेरच्यांसाठी ४४४४ आणि ॲडमिनसाठी ४४४५ असे दोन पोर्ट मुळातच वेगळे दिलेले असतात. ४४४५ इंटरनेटवर उघडा राहिला तर सगळंच संपलं, कारण तिथे जाऊन कोणीही म्हणू शकतो, की हा चॅलेंज मंजूर करा, माणूस सभासद क्रमांक अमुक. फायरवॉल लावा, आणि मग बाहेरच्या नेटवर्कवरून स्वतः ठोकून बघा. सेटिंग केलं म्हणजे झालं असं धरून चालू नका.

लॉगिनच्या आणि संमतीच्या पानावर बाहेरची कोणतीही स्क्रिप्ट नको. भेटी मोजणारी नको, चॅटची खिडकी नको. रेफरर-पॉलिसी 'नो-रेफरर' ठेवा, म्हणजे चॅलेंज पत्त्यासोबत बाहेर गळणार नाही. पान दुसऱ्या कोणाच्या फ्रेममध्ये उघडू नये म्हणून फ्रेम-ॲन्सेस्टर्स 'नन' लावा. नाहीतर वर 'कापसाचा भाव पाहा' असं चित्र आणि खाली तुमचं 'मंजूर' बटन, असा डाव सहज टाकता येतो.

पायरी ३: 'स्किप' आणि सेवा केंद्रातला संगणक

इथे जरा थांबतो, कारण आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली.

ॲडमिन एपीआयच्या उत्तरात 'स्किप' नावाची खूण असते. ती खरी असेल तर या ब्राउझरमध्ये सभासदाचं लॉगिन आधीच आहे. मग त्याला पुन्हा लॉगिन विचारायचं नाही. सर्व्हरनं सांगितलेल्या त्याच माणसाच्या नावानं विनंती मंजूर करायची किंवा नाकारायची. माणूस बदलता येत नाही. ही खूण येते ती आपण मागच्या वेळी मंजुरी देताना 'रिमेंबर' खरं ठेवलं म्हणून.

आम्ही ते सगळ्यांसाठी खरं ठेवलं होतं. शहरात बसून विचार केला की हे बरोबरच वाटतं, एका माणसाचा एक फोन. आमच्याकडे अर्ध्या लोकांची नोंदणी गावातल्या सेवा केंद्रात होते. एक संगणक, एक चालवणारा पोरगा, बाहेर बाकावर रांग.

सोयाबीनचा हंगाम होता. सकाळी एका काकाजींची नोंदणी झाली, त्यांच्यामागे एक ताई बसल्या. पोरानं खरेदीचं ॲप उघडलं, स्किप खरं आलं, लॉगिन विचारलंच नाही आणि ताईंचं अकरा क्विंटल सोयाबीन काकाजींच्या खात्यावर चढलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या आठवड्यात ताई माल घेऊन काट्यावर आल्या तर यादीत नावच नाही. माल भरलेली गाडी उभी, भाड्याचं मीटर चालू, आणि मापारी म्हणतो, "तुमचं नाव नाही ना जी यादीत, मी काय करू?" ताई मला म्हणाल्या, "मी सोता बसली होती त्या कम्पुटरसमोर. माझ्या डोळ्यादेखत केलं ना त्यानं." खरंच होतं ते. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्या पोराचंही नव्हतं. एक खूण मी डोळे झाकून खरी ठेवली होती.

त्यानंतर जे बदललं ते असं. 'रिमेंबर' मुळात खोटं. लॉगिनच्या पानावर एक प्रश्न: 'हा फोन फक्त तुमच्याच हातात असतो का?' 'हो' म्हटलं तरच लक्षात ठेवायचं. प्रत्येक सेवा केंद्राच्या ब्राउझरमध्ये नोंदणीच्या दिवशीच एक सही केलेली कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी खूण) बसवली. लॉगिन ॲपला ती दिसली की 'लक्षात ठेवा' हा पर्याय पानावर येतच नाही. केंद्रासाठीचं खरेदी ॲप विनंतीसोबत 'प्रॉम्प्ट' मध्ये 'लॉगिन' पाठवतं, म्हणजे सर्व्हर जुनं सेशन धरत नाही.

'प्रॉम्प्ट' बाबत एक सावधगिरी. ही मागणी ब्राउझरच्या पत्त्यातून जाते, म्हणजे वाटेत कोणी ती काढूनही टाकू शकतो. म्हणून क्लायंटनं 'मॅक्स एज' (लॉगिन जास्तीत जास्त किती जुनं चालेल) सुद्धा पाठवावं आणि परत आलेल्या आयडी टोकनमधली (सर्व्हरनं सही करून दिलेल्या ओळखपत्रातली) 'ऑथ टाइम' ही वेळ स्वतः तपासावी. लॉगिन दोन मिनिटांपूर्वीचं हवं होतं आणि टोकन सांगतंय चाळीस मिनिटं, तर नोंदणी पुढे जाऊ देऊ नका.

आणि आमच्या प्रत्येक ॲपच्या पहिल्या पानावर आता मोठ्या अक्षरात सभासदाचं नाव आणि गाव दिसतं. त्याखाली बटन: 'हा मी नाही'. स्किपमुळे लॉगिनचं पान गळलं तरी माणसाला आपण कोणाच्या खात्यात बसलोय हे दिसायला हवं.

पायरी ४: लॉगिनचा फॉर्म

आमच्याकडे लॉगिन ओटीपीनं होतं, काही लोकांसाठी पासवर्डनं. दोन्हींत मराठी माणसाच्या हातून जे घडतं ते इंग्रजी नमुन्यात लिहिलेलं नसतं.

ओटीपीचंच बघा. मेसेजमध्ये अंक इंग्रजी येतात, पण फोनचा कीबोर्ड मराठीवर असला की माणूस देवनागरी अंक टाकतो. आकडा बरोबर, सर्व्हर म्हणतो चूक. सारखं असं झालं की प्रयत्न संपतात. खाना अंकांच्या कीबोर्डचा ठेवाच, पण सर्व्हरवर देवनागरी अंकांचं रूपांतर करूनच तुलना करा. चार ओळींचं काम आहे.

दुसरं, मेसेज उशिरा येतात. वीज गेली की गावातल्या टॉवरची रेंज पडते, आणि मग तीन मेसेज एकदम येतात. दरम्यान माणसानं दोनदा 'पुन्हा पाठवा' दाबलेलं असतं. प्रत्येक वेळी नवा ओटीपी बनवून जुना रद्द केला, तर तो नेमका रद्द झालेलाच टाकतो. मुदतीच्या आत पुन्हा मागितला तर आम्ही तोच ओटीपी परत पाठवतो. मुदत मात्र वाढवत नाही, आणि चुकीचे प्रयत्न पाचवरच थांबतात. ओटीपी लॉगिन चॅलेंजला बांधून ठेवा, म्हणजे तोच आकडा दुसऱ्या ब्राउझरमध्ये टाकून उपयोग होत नाही.

मेसेज मराठीत पाठवायचा तर एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, इंग्रजीत १६०. त्याहून लांब गेला की तुकडे पडतात आणि पैसे दुप्पट. काना-मात्राही अक्षरांतच मोजल्या जातात. शिवाय भारतात असे मेसेज डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर) नमुना नोंदवूनच पाठवता येतात, त्यामुळे मजकूर आधी घासूनपुसून घ्या आणि मगच नोंदवा.

पासवर्डमधली अडचण मला एका सभासदाच्या 'पऱ्हाटी' या पासवर्डनं शिकवली. हा शब्द घरच्या फोनवर चालायचा, केंद्रात चालायचा नाही. कारण त्यातला अर्धा र. एक कीबोर्ड तिथे नुक्तावाला 'ऱ' घालतो, दुसरा साधा 'र', हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याचा नियम) 'र अधिक नुक्ता' आणि 'ऱ' यांना एक करतं, पण जोडचिन्हाचा प्रकार त्यात सुटत नाही, तो तुम्हालाच आपल्या नियमानं बदलून घ्यावा लागतो. हे सगळं पासवर्ड हॅश करण्याआधी (म्हणजे उलट वाचता येणार नाही अशा रूपात बदलण्याआधी), आणि नोंदणी व लॉगिन दोन्हीकडे अगदी सारखं. आणखी एक: हॅश करण्याची बीक्रिप्ट ही पद्धत पहिले ७२ बाइटच बघते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, म्हणजे २४ चिन्हांतच ती मर्यादा येते. नव्यानं लिहीत असाल तर आर्गॉन२आयडी ही पद्धत घ्या.

चूक झाल्यावर 'हा नंबर आमच्याकडे नाही' असं सांगू नका. 'नंबर किंवा ओटीपी जुळला नाही' एवढंच. कोण सभासद आहे आणि कोण नाही हे बाहेरच्याला कळायला नको. सावकारांच्या गावात ही माहितीही कामाची असते.

फॉर्मला सीएसआरएफ टोकन (दुसऱ्या साइटनं माणसाच्या नकळत फॉर्म पाठवू नये म्हणूनची खूण) लावा, हे वेगळं सांगायला नको.

पायरी ५: ओळख पटली, आता सर्व्हरला कळवा

इथेही ब्राउझरमार्फत नाही, मागच्या दारानंच. लॉगिन मंजूर करताना 'सब्जेक्ट' द्यायचा असतो, म्हणजे या माणसाचा कायमचा ओळख-क्रमांक. मोबाइल नंबर सब्जेक्ट म्हणून कधीही देऊ नका. आमच्याकडे रिचार्ज संपलं, सिम बंद पडलं, नवं घेतलं हे दर हंगामात होतं, आणि बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते. ओपनआयडी कनेक्टमध्ये नियमच आहे, की एकदा एकाला दिलेला सब्जेक्ट त्या सर्व्हरवर पुन्हा दुसऱ्याला द्यायचा नाही. आधार क्रमांकही नको. अर्थ नसलेला एक यूयूआयडी (दुसऱ्या कोणाशी न जुळणारा लांब क्रमांक) बनवा आणि तो आयुष्यभर त्याचाच.

लॉगिन ओटीपीनं झालं की पासवर्डनं, हे 'एएमआर' या ओळखीची पद्धत सांगणाऱ्या रकान्यात लिहून ठेवा. पुढे पैशाच्या कामाला जास्त पक्की ओळख हवी असेल तेव्हा कामी येईल.

किती वेळ लक्षात ठेवायचं हे सांगणाऱ्या 'रिमेंबर फॉर' मध्ये एक सापळा आहे. लॉगिनमध्ये शून्य म्हणजे ब्राउझरचं सेशन असेपर्यंत. संमतीत तेच शून्य म्हणजे कायमचं. दोन्हीकडे एकच आकडा चिकटवणारा माणूस नकळत जन्मभराची कबुली नोंदवून मोकळा होतो. आकडा दोन्हीकडे सेकंदांत, स्पष्ट लिहा.

मंजुरीनंतर सर्व्हर पुढचा पत्ता देतो, ब्राउझरला तिथे पाठवायचं. फॉर्म भरल्यानंतरचं हे रिडायरेक्ट (ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) ३०३ या संकेतानं करा. ३०७ नं केलं तर ब्राउझर तोच पोस्ट मजकूर, म्हणजे पासवर्डसकट, पुढच्या पत्त्यावर पुन्हा पाठवतो. आरएफसी ९७०० नं ३०७ ला इथे स्पष्ट मनाई केली आहे.

नेट हळू असलं की माणूस बटन दोनदा दाबतो. दुसऱ्या वेळी चॅलेंज आधीच वापरलेला असतो आणि हायड्रा ४१०, म्हणजे 'हे आता उरलेलं नाही' असा संकेत देतो. त्या उत्तरातच पुढचा पत्ता असतो, तो घेऊन ब्राउझरला शांतपणे पुढे न्या. लाल अक्षरात 'एरर' दाखवलं की माणूस फोन पोराच्या हातात देतो, आणि पोरगा अर्ध्यातली लिंक कॉपी करून दुसऱ्या फोनवर उघडतो. तिथे सुरुवातीची कुकी नसल्यानं सर्व्हर नकार देतो. हा नकार योग्यच आहे, तो सैल करू नका. त्या पानावर फक्त लिहा: 'सुरुवातीपासून याच फोनवर करा', आणि ॲपकडे परत जायचं बटन द्या.

पायरी ६: संमतीचं पान

आता कबुली. सर्व्हर ब्राउझरला कन्सेंट चॅलेंज देऊन पाठवतो, आणि पुन्हा तसंच मागच्या दारानं विचारायचं: कोण मागतोय, कोणाबद्दल, कोणकोणते स्कोप.

आमचं पहिलं पान असं होतं: वर बाहेरच्या ॲपचा लोगो, खाली 'प्रोफाइल, ईमेल, लँड डॉट रीड, ऑफलाइन ॲक्सेस', आणि एक हिरवं बटन. एक काकाजी चष्मा सारखा करत वाचत बसले आणि म्हणाले, "हे काय मांगते बापा?" केंद्रातला पोरगा म्हणाला, "दाबून टाका काकाजी, सगळेच दाबतेत." आणि त्यानं स्वतःच दाबलं. त्या एका क्लिकनं काकाजींच्या गट नंबरापासून पेऱ्यापर्यंत सगळं एका कंपनीकडे गेलं, आणि आमच्या नोंदीत लिहिलं गेलं, की सभासदानं संमती दिली.

आता पान असं आहे:

'कीड-सल्ला ॲप तुमच्याकडून माहिती मागत आहे. हे ॲप आपल्या उत्पादक कंपनीचं नाही, बाहेरच्या कंपनीचं आहे.
तुमचं नाव आणि गाव. सल्ला तुमच्या नावानं पाठवण्यासाठी. हे दिल्याशिवाय ॲप चालणार नाही.
यंदा कोणत्या वावरात काय पेरलं आणि किती एकर. त्या पिकाचाच सल्ला देण्यासाठी. देणं तुमच्या मर्जीवर.
तुम्ही ॲप बंद केलं तरी ही माहिती ते वेळोवेळी घेत राहील. देणं तुमच्या मर्जीवर.
सातबारा, बँक खातं, कर्ज: या ॲपला दिसणार नाही.'

खाली सारख्याच आकाराची, सारख्याच ठळक दोन बटनं: 'देतो' आणि 'देत नाही'.

यातली तिसरी मागणी, 'ॲप बंद केलं तरी' ही ओळ, म्हणजे 'ऑफलाइन ॲक्सेस', ज्यातून रिफ्रेश टोकन (माणसाला पुन्हा न विचारता नवं ॲक्सेस टोकन, म्हणजे माहिती घ्यायची किल्ली, मिळवून देणारं टोकन) मिळतं. प्रोग्रामरला ती तांत्रिक बाब वाटते, पण सभासदाच्या दृष्टीनं तीच सगळ्यात मोठी आहे, कारण तो नसताना कोणीतरी त्याच्या वतीनं दार उघडणार आहे. म्हणून तिला स्वतःची ओळ आणि स्वतःची टिकखूण. 'मर्जीवर' च्या टिकखुणा मुळात रिकाम्या ठेवा. शेवटची, काय दिसणार नाही ती ओळ आम्ही लोकांच्या भीतीतून घातली. प्रत्येक जण आधी तेच विचारायचा.

कायद्याची बाजूही तीच सांगते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी असं म्हटलं आहे. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते, आणि त्यात मराठी आहेच. वाद झाला तर रीतसर संमती घेतली होती हे माहिती वापरणाऱ्यानं सिद्ध करायचं. म्हणून आम्ही प्रत्येक संमतीसोबत कोणता मजकूर, त्याची कितवी आवृत्ती, कोणत्या भाषेत, किती वाजता आणि कोणत्या टिकखुणांसह दाखवला, हे जपून ठेवतो. मजकूर बदलला की आवृत्ती बदलते आणि जुनी संमती नव्या मजकुराला लावत नाही.

केंद्रातल्या संगणकावर बाहेरच्या ॲपसाठी संमती घेणं आम्ही बंदच केलं. ती कुकी दिसली की संमतीची विनंती नाकारली जाते आणि पडद्यावर येतं: 'हे तुमच्या स्वतःच्या फोनवरून करा'. काही नोंदण्या यामुळे कमी झाल्या. होऊ द्या.

आमच्याच तीन ॲपसाठी मात्र संमतीचं पान नाही. एकाच कंपनीच्या दोन खिडक्यांमध्ये माणसाला 'मंजूर का' विचारत राहिलं की तो न वाचता दाबायला शिकतो, आणि जिथे वाचायला हवं तिथेही तेच करतो. हायड्रामध्ये क्लायंटच्या नोंदीतच संमती टाळण्याची खूण ठेवता येते. ती फक्त स्वतःच्या ॲपना द्या.

पायरी ७: होकार आणि नकार

होकार असेल तर ॲडमिन एपीआयला फक्त टिक केलेले स्कोप मंजूर म्हणून पाठवा. मागितलेली यादी जशीच्या तशी परत पाठवणं ही इतकी सर्रास चूक आहे, की दुसऱ्याचा कोड तपासताना मी आधी हीच ओळ शोधतो. आणि टिकखुणा ब्राउझरमधून येतात, तेव्हा त्या मूळ मागणीतल्याच आहेत ना हे बॅकएंडला पडताळा.

टोकनमध्ये माहिती घालायची सोय इथेच असते. तिथे कमीत कमी घाला. आयडी टोकनवर सही असते, ते कुलूपबंद नसतं. हातात आलेला कोणीही ते उघडून वाचतो. कर्जाची रक्कम, जात, आधार यांचं तिथे काही काम नाही.

नकार आला तर 'ॲक्सेस डिनाइड' क्लायंटकडे जाऊ द्या. क्लायंटनं तो सभ्यपणे घ्यायला हवा, पुन्हा लगेच संमतीच्या पानावर ढकलायचं नाही. बाहेरच्या ॲपशी करार करताना आम्ही हे लेखी घेतो.

मंजुरीनंतर सर्व्हर कोड देतो. त्याचं आयुष्य जास्तीत जास्त १० मिनिटं असावं असं आरएफसी ६७४९ सुचवतो, आणि तो एकदाच वापरता येतो. आम्ही एक मिनिट ठेवलंय. तेवढं पुरतं, कारण कोडची अदलाबदल सर्व्हर-सर्व्हरमध्ये होते, गावच्या रेंजवर अवलंबून नसते.

पायरी ८: दिलेलं परत घेता आलं पाहिजे

कायदा म्हणतो, संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं. सभासदाच्या खात्यात 'कोणाला काय दिलं' असं एक पान ठेवा: ॲपचं नाव, काय दिलं, कोणत्या तारखेला आणि 'बंद करा' हे बटन. दाबलं की त्या सब्जेक्टच्या त्या क्लायंटची संमती सर्व्हरवरून काढायची. त्यासोबत रिफ्रेश टोकनही मरतं.

जेडब्ल्यूटी प्रकारचं (सगळी माहिती स्वतःतच बाळगणारं, सही केलेलं) ॲक्सेस टोकन मात्र लगेच मरत नाही, ते मुदत संपेपर्यंत चालतं, कारण ते तपासणारा सर्व्हर कोणाला विचारतच नाही. म्हणून त्याची मुदत छोटी ठेवा किंवा दर वेळी विचारून तपासली जाणारी अपारदर्शक टोकनं वापरा. आम्ही बाहेरच्यांसाठी दुसरा मार्ग घेतला. बटन दाबल्यावर 'पुढच्या तासाभरात बंद होईल' असं सांगणं मला जमलं नाही.

लॉगआउट हे याहून वेगळं. त्यानं त्या ब्राउझरमधली ओळख पुसली जाते, बाहेरच्या ॲपला दिलेली कबुली तशीच राहते. लोक दोन्ही एकच समजतात, म्हणून लॉगआउटच्या पानावर 'कोणाला काय दिलं' ची लिंक ठेवलीय. केंद्रात प्रत्येक नोंदणीनंतर लॉगआउट आपोआप होतं.

पायरी ९: तपासणी

यंत्रावर हे सगळं करून बघा: दोन टॅब एकदम उघडून, मागे जाण्याचं बटन दाबून, अर्ध्यात नेट बंद करून, लॉगिन नसताना 'प्रॉम्प्ट' मध्ये 'नन' पाठवून. शेवटच्या प्रकारात कोणतंही पान न दाखवता 'लॉगिन रिक्वायर्ड' परत यायला हवं.

मग माणसासोबत बसा. आम्ही नव्या पानाची पहिली तपासणी एका आजींच्या ओसरीवर केली. नातू शाळेत गेला होता, म्हणून फोन त्यांच्याच हातात होता. त्यांनी बोट ठेवत एकेक ओळ मोठ्यानं वाचली. पेऱ्याच्या ओळीवर टिक केली. तिसऱ्या ओळीवर थांबल्या, पुन्हा वाचली. "म्हणजे मी झोपली असली तरी हे पाह्यन का माझ्या वावरात?" मी म्हटलं, हो आजी, माहिती पाहील. "मंग नाही देत." ती टिक रिकामी ठेवून त्यांनी 'देतो' दाबलं.

मी लॅपटॉपवर टोकनचं उत्तर उघडलं. मागितलेले आणि दिलेले स्कोप वेगळे असले की सर्व्हरनं दिलेले स्कोप उत्तरात सांगायलाच हवेत, असा नियम आहे. यादीत नाव-गाव होतं, पेरा होता, ऑफलाइन ॲक्सेस नव्हता आणि रिफ्रेश टोकनचा रकाना आलेलाच नव्हता. कीड-सल्ला ॲप मात्र रिफ्रेश टोकन मिळणारच असं धरून बसलं होतं आणि पांढऱ्या पडद्यावर अडकलं. त्याच संध्याकाळी त्यांच्या प्रोग्रामरला फोन करून आम्ही त्यांचा कोड दुरुस्त करून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ओसरीवर जाऊन बसलो.